हात आधी, थाप मागून: संगणकावर चित्र आणि आवाजाची फारकत कुठे होते

प्रश्न मिरजेतल्या एका तबला शिकवणाऱ्या सरांचा आहे. थोडक्यात असा: गुरुपौर्णिमेला विद्यार्थ्यांचं दीड तास वादन झालं. चित्रण स्टँडवर लावलेल्या मोबाइलवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. एका विद्यार्थ्याने घरी दोन्ही जोडून एक फाइल करून दिली. सरांनी ती आपल्या डेस्कटॉपवर ब्लूटूथ स्पीकर लावून पाहिली, तर पहिल्या मिनिटापासून हात आधी पडतो आणि थाप मागून येते. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘जे’ हे बटण चार वेळा दाबलं की सुरुवात जुळते, पण शेवटच्या द्रुत (वेगवान) तीनतालात हात एका मात्रेवर आणि आवाज मागच्या मात्रेवर. हीच फाइल मोबाइलवर लावली की सुरुवात ठीक वाटते. शेवटी सर विचारतात, “संगणक फॉरमॅट करून घेऊ का?”

नको सर. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होईल. सांगलीत लग्नाच्या, नाटकाच्या, बारशाच्या शूटिंगचं मिक्सिंग करता करता मला बावीस वर्षं झाली. चित्र-आवाज जुळत नाही म्हणून फॉरमॅट मारलेले संगणक माझ्या टेबलावर शेकड्याने आले असतील. फॉरमॅट करून हे दुखणं बरं झालेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

तुमच्याकडे दोन दुखणी एकाच वेळी आलीत आणि लक्षण दोन्हींचं एकच, म्हणून घोळ झालाय. सेटिंगला हात लावायच्या आधी स्वतःला एवढंच विचारायचं: हे अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच राहतं, हळूहळू वाढत जातं, की मध्येच एका जागी उडी मारतं? तेवढंच राहत असेल तर बहुतेक वेळा दोष ऐकण्याच्या वाटेत असतो, म्हणजे स्पीकर, टीव्ही किंवा प्लेअरमध्ये. वाढत जात असेल तर तो फाइलमध्ये आहे, जोडताना शिरलेला. आणि उडी असेल तर रेकॉर्डिंगचा एखादा तुकडा गळालाय.

आधी ब्लूटूथ बंद करा. संगणकाच्या डब्याच्या मागे हिरव्या रंगाचं गोल सॉकेट असतं, त्यात साधा वायरचा हेडफोन लावा. मग फाइलमध्ये तीन जागा निवडा, सुरुवातीची, मधली आणि शेवटची. डग्ग्याचा ‘घे’ निवडू नका, तो फुगत येतो, सुरू नेमका कधी झाला ते कळत नाही. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, कोरडा ‘ना’ घ्या. प्रत्येक जागी ‘जे’ आणि ‘के’ दाबत हात आणि आवाज जुळवा. ‘जे’ आवाज अलीकडे ओढतं, ‘के’ मागे ढकलतं. एका दाबाला ५० मिलिसेकंद सरकतात आणि आकडा पडद्यावर येतो. दाबल्यावर प्लेअरला सावरायला क्षणभर लागतो, तेवढं थांबा. तीन जागांचे तीन आकडे कागदावर लिहा.

माझा अंदाज सांगतो. वायरवर सुरुवातीचा आकडा शून्याच्या आसपास येईल, मधला शंभर-दीडशे आणि शेवटचा अडीचशे ते तीनशे. चार वेळा ‘जे’ म्हणजे २०० मिलिसेकंद, आणि तो हिशेब ब्लूटूथचा. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळला जातो, मग हवेतून जातो, स्पीकर तो थोडा साठवतो आणि मग उलगडतो. एवढ्या उपद्व्यापात १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. मोबाइलमधला प्लेअर हा उशीर ओळखून चित्र तेवढंच मागे धरतो, डेस्कटॉपवर बरेचदा तसं होत नाही. म्हणून तुम्हाला फोनवर सुरुवात ठीक वाटली. शेवट फोनवरही बिघडलेलाच असणार, तेवढा वेळ तुम्ही पाहिलं नसेल.

तालाच्या माणसाने तालीम-रियाज ब्लूटूथवर पाहूच नये असं माझं मत आहे. गाणं ऐकायला ठीक, पण हात शिकायला पाच मीटरची वायर घ्या.

आता तुमच्या कानाला हे इतकं का खटकलं, ते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी १३५९ नावाची एक शिफारस आहे. तिच्याप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला की सर्वसाधारण प्रेक्षकाला ते जाणवू लागतं, पण उशिरा आलेला आवाज १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. दोन बाजूंना दोन मापं का? कारण जगात आवाज कायम उशिराच येतो. कृष्णेच्या घाटावर उभं राहून पलीकडच्या काठावर कपडे आपटणाऱ्या बाईकडे बघा. धोपटणं दिसतं आधी, ‘धप्प’ येतं मागून, आणि त्यात आपल्याला वावगं काही वाटत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. नाट्यगृहात वीस मीटर मागे बसलात तर नटाचं वाक्य ५८ मिलिसेकंद उशिराच ऐकता. सांगलीने १८४३ पासून नाटकं पाहिली, त्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही. याच हिशेबाने तुमच्या शेवटच्या तुकड्यात वाजवणारा मुलगा जणू नव्वद मीटर लांब बसलाय. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, ते एखाद्याच्या नजरेतून सुटलं असतं. पण द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत असेल तर एक मात्रा होते पाव सेकंदाची, आणि तुमचं अंतर बरोबर तेवढंच आहे. हात पुढच्या मात्रेवर आणि थाप मागची, ती अशी.

पाव सेकंद आला कुठून? इथे खरी गंमत आहे. मोबाइल आणि रेकॉर्डर, दोघांच्या पोटात एकेक स्फटिक धडधडत असतो आणि त्याच्या ठोक्यावर ते वेळ मोजतात. दोन तबलजींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, “दीड तास ठाय लय न सोडता धरा,” सांगितलं तर शेवटी सम एकत्र येईल का? इथेही तेच. दहा लाखांत पन्नास एवढाच फरक धरला तरी दीड तासाच्या ५४०० सेकंदांत ०.२७ सेकंद होतात. बिघडलेलं कुणीच नाही, दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त एकमेकांचं ऐकत नाहीत.

याच जागी लोक दुसऱ्याच एका चुकीकडे बोट दाखवतात, तिचाही निकाल लावून टाकू. रेकॉर्डरवर आवाज ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा, आणि सॉफ्टवेअरने तो ४४.१ चा समजून वाजवला तर काय होईल? फाइल जवळजवळ नऊ टक्क्यांनी लांबेल, म्हणजे दीड तासामागे आठ मिनिटं. आणि पट्टी उतरेल. काळी दोनमध्ये लावलेला तबला काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध कुठेतरी बोलू लागेल. तुम्ही पहिल्या ‘ना’लाच उठून उभे राहिला असता. तसं काही लिहिलेलं नाही तुम्ही, तेव्हा ती शंका सोडा.

दुसरा संशयित मात्र दमदार आहे: तुमच्या मोबाइलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला तो किती चित्रं टिपतो ते. आपण सेटिंगमध्ये ३० निवडतो, पण फोन ते वचन पाळतोच असं नाही. उजेड कमी झाला की तो प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो आणि सेकंदाला कधी ३०, कधी २७, कधी २४ फ्रेम भरतो. प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का असतो, त्यामुळे साध्या प्लेअरमध्ये काही बिघडत नाही. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र कधीकधी शिक्के न बघता फ्रेम मोजत सुटतं आणि मग चित्र पुढे धावतं. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मोबाइलची मूळ फाइल उघडा. फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ दिसलं तर आधी ती फाइल हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढून घ्या आणि मगच एडिटिंगला घ्या. माझ्याकडे मोबाइलवरचं काहीही आलं तरी हे आंघोळीसारखं आधी करतो. मग आत काय निघायचं ते निघो.

घड्याळं की फ्रेम रेट, दोघांतला खरा दोषी ओळखायची एक सोपी खूण आहे आणि तिच्यासाठी मोबाइलची मूळ फाइल लागते, विद्यार्थ्याने जोडलेली नव्हे. तिच्यात मोबाइलच्या स्वतःच्या माइकचा आवाज असेल, खरखरीत आणि हॉलचा घुमारा घेतलेला. ती वायरच्या हेडफोनवर शेवटपर्यंत पाहा. शेवटच्या तिहाईपर्यंत हात आणि थाप एकत्र असतील तर मोबाइलने त्याचं काम चोख केलंय आणि बिघाड जोडताना झालाय. मग हीच मूळ फाइल एडिटिंगमध्ये टाका. तिथेही तिचा स्वतःचा आवाज शेवटपर्यंत जुळला तर दोष घड्याळांचा, तिथे सुटला तर फ्रेम रेटचा. बहुतेक मुलं जोडताना पहिलं काम करतात ते मोबाइलचा “घाण” आवाज पुसायचं. तो पुसू नका. त्याची पातळी शून्य करा, पण टाइमलाइनवर (एडिटिंगमधल्या वेळेच्या पट्ट्यावर) त्याची पट्टी तिथेच राहू द्या. आमच्या धंद्यात त्याला गाईड ट्रॅक म्हणतात आणि जुळवणी त्याच्यावरच होते.

ही जुळवणी एकदा जवळून दाखवतो. टाइमलाइन इतकी मोठी करा की पडद्यावर जेमतेम अर्धा सेकंद मावेल. ३० च्या चित्रात एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची असते. एका फ्रेममध्ये तर्जनी चाटेच्या वर पुसट, धूसर दिसते, पुढच्या फ्रेममध्ये ती टेकलेली असते. खाली गाईड ट्रॅकमध्ये सपाट रेषेतून एक शिंग उभं राहिलेलं दिसेल, तो ‘ना’. त्याच्या खाली रेकॉर्डरच्या पट्टीतही तसंच शिंग असेल, जरा टोकदार, कारण रेकॉर्डर जवळ होता. खालचं शिंग सरकवून वरच्याच्या बरोबर खाली आणायचं, एवढंच. मोबाइल सात-आठ मीटरवर होता तर वरचं शिंग मुळातच वीसेक मिलिसेकंद उशिराचं आहे. म्हणून मी खालचं अर्धी फ्रेम अलीकडे ठेवतो. हे कुणी शिकवलं नाही, नाटकांचं मिक्सिंग करताना अंगवळणी पडलं.

असं सुरुवातीला एकदा जुळवलंत की शेवटाला जा. तिथे दोन शिंगांत किती अंतर पडलंय ते मोजा. समजा ०.२७ सेकंद. मग दोन रस्ते आहेत.

पहिला: रेकॉर्डरचा सगळा आवाज तेवढाच आखडून घेणे. ५४०० सेकंदांत ०.२७ म्हणजे ०.००५ टक्के. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज उघडा आणि वेग ०.००५ टक्क्यांनी वाढवा. तिथे ‘टेम्पो’ बदलायचा पर्याय वेगळा आहे आणि ‘स्पीड’ बदलायचा वेगळा. सगळे टेम्पो घ्यायला सांगतात, कारण त्याने पट्टी बदलत नाही. तुम्ही स्पीड घ्या. टेम्पोवाला पर्याय आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा शिवतो. गाण्यात ते झाकलं जातं, पण तबल्याच्या चाटेची धार बोथट होते, रेल्यात, म्हणजे सलग वेगवान बोलांत, तर ‘तिरकिट’ला कापूस लावल्यासारखं वाटतं. स्पीडने पट्टी चढते खरी, पण ०.००५ टक्क्यांनी किती? दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ते कुठल्याही कानाला ऐकू येणार नाही, तुमच्याही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. दीड तासात सहा-सात मुलं बसली असतील. एक उठतो, दुसरा बसतो, हातोडी घेऊन तबला मिळवतो. त्या प्रत्येक फटीत आवाजाची पट्टी कापा आणि पुढचा तुकडा नव्या ‘ना’वर पुन्हा जुळवा. एका वादनाच्या पंधरा मिनिटांत अंतर पडेल ४५ मिलिसेकंद, ते चालून जाईल. अडचण एकच: इलेक्ट्रॉनिक तानपुरा सबंध कार्यक्रमभर सुरू ठेवला असेल तर कापलेल्या जागी टक्‌ असा आवाज येतो. तिथे दोन्ही टोकं एकमेकांत मिसळून घ्या, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याला क्रॉसफेड म्हणतात.

उडीबद्दल दोन शब्द. कित्येक कॅमेरे लांब रेकॉर्डिंगची फाइल ४ जीबीला तोडून दुसरी सुरू करतात. त्या क्रमाने न लावता किंवा भलत्याच सॉफ्टवेअरने चिकटवल्या की सांध्यावर काही फ्रेम जातात आणि तिथून पुढे सगळं ठरावीक अंतराने चुकतं. इथे ताणायला जाऊ नका, सांध्यावर कापा आणि सरकवा. व्हिडिओ कॅसेट संगणकात घेताना याचा कहर होतो. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत कितीतरी घरांतून भिजलेल्या कॅसेट माझ्याकडे आल्या. टेप वाळवून, पुसून लावली तरी जागोजाग चित्र तुटायचं. स्वस्तातला कॅप्चर डोंगल तुटलेलं चित्र सोडून द्यायचा, आवाज मात्र धरून ठेवायचा. तासाभरात वीस-पंचवीस उड्या. एका लग्नातली फक्त सप्तपदी जुळवायला मला सबंध दुपार लागली होती.

तुमचा संगणक निर्दोष आहे का? तेही पाहून घ्या, कारण चौथा एक प्रकार असतो: अंतर वाढतं, मग चित्र धाडकन पुढे येतं, पुन्हा मागे पडतं. आवाज मात्र अखंड. हे यंत्र दमल्याचं लक्षण. आवाज वाजवणं प्रोसेसरला हलकं काम असतं, चित्र उलगडणं जड. नव्या मोबाइलचं चित्रण बहुधा एच २६५ या चित्र आवळायच्या पद्धतीचं असतं आणि सेकंडहँड घेतलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय थ्री प्रोसेसरमध्ये ते उलगडणारं वेगळं सर्किटच नाही. इंटेलने ते नीट दिलं सहाव्या पिढीपासून, २०१५ साली. फाइल चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर नव्वदच्या वर धापा टाकत असेल तर त्या फाइलची १०८० ची, एच २६४ ची प्रत करून घ्या. संगणक बदलायची गरज नाही.

आणि डबा उघडून धूळ बघा. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याचा पीसी आला होता. तक्रार अशी की सकाळी सिनेमा बरोबर, जेवणानंतर ओठ आणि संवाद वेगळे. डबा उघडला तर प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालच्या पत्र्यांच्या फटी पिवळ्याधमक, हळदीचा थर बसलेला. वारा जायला जागाच नाही. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच गती कमी करतो आणि चित्र मागे पडतं. ब्लोअर मारला, पेस्ट बदलली, काम झालं. दोन दिवस दुकानात भंडारा उधळल्यासारखं होतं.

एचडीएमआयने टीव्ही लावून पाहत असाल आणि आवाज हिरव्या सॉकेटमधून ॲम्प्लिफायरला नेला असेल, तर उलटं होतं. टीव्ही चित्र नटवण्यात वेळ घालवतो आणि आवाज आधी येतो, जो माणसाला जास्त खुपतो. टीव्हीत ‘गेम मोड’ लावा, नटवणं बंद होतं. कार्यालयातल्या एलईडी भिंतीवर भटजींचे ओठ ‘सावधान’नंतर सावकाश हलताना पाहिले असतील तुम्ही, तो याच जातीचा प्रकार. विंडोजमधली ‘साउंड एन्हान्समेंट’ बंद करून बघायला हरकत नाही. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरना मात्र दारात उभं करू नका.

पुढच्या गुरुपौर्णिमेला एक करा. मोबाइल आणि रेकॉर्डर दोन्ही सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर, दोघांनाही ऐकू जाईल अशी एक खणखणीत टाळी द्या. आणि शेवटचा मुलगा उठला की दोन्ही यंत्रं बंद करायच्या आधी दुसरी. पहिली सगळ्यांच्या लक्षात राहते, दुसरी पेढ्यांच्या गडबडीत विसरते. अंतर किती वाढलं ते मोजायला दुसरीच लागते.

सध्यापुरतं, तीन आकडे मला कळवा. आणि विद्यार्थ्याकडून मोबाइलची आणि रेकॉर्डरची, दोन्ही मूळ फाइली पेनड्राइव्हवर मागवून ठेवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून घेऊ नका, ते पाठवतानाच चित्र पुन्हा आवळतं आणि मग मीडियाइन्फो जे दाखवेल ते तुमच्या फोनचं नसेल.